प्रसूतीच्या वेळची सोबत : जिला कोणी नाही तिच्यासाठी कोण?

आजचा विषय बाळंतपणाचा आहे, पण आपण वैद्यकीय बाजूवर फारसं बोलणार नाही. प्रसूती कुठे व्हावी, कशी व्हावी, सिझर कधी करावं, हे सांगणारे तज्ज्ञ आहेत. आपला प्रश्न त्याहून साधा आहे. कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत त्या बाईच्या उशाशी कोण असतं? आणि जिच्या उशाशी कोणीच नसतं, तिच्यासाठी एखाद्या अनोळखी, पण शिकवून तयार केलेल्या स्वयंसेविकेने जाऊन बसणं, याचा खरंच काही उपयोग होतो का?

उपयोग होतो, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण तो का होतो हे नीट समजलं नाही, तर चांगल्या मनाने गेलेली स्वयंसेविकाही लेबर रूममध्ये अडचण होऊन बसते. म्हणून आज त्यामागचं कारण पाहू, कामाची पद्धत पाहू, आणि या कामाच्या मर्यादाही पाहू.

घरातून दवाखान्यात

आपल्या आज्यांची बाळंतपणं घरी झाली. सुईण यायची, आई किंवा सासू असायची, शेजारची चार मुलांची आई यायची. त्यांच्या हातात औषध नव्हतं, रक्त नव्हतं, आणि बाई अडली तर पुष्कळदा जीव जायचा. त्या दिवसांचं गुणगान करायचं आम्हाला कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की २००५-०६ मध्ये देशातल्या ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाल्या. महाराष्ट्रात तेव्हा हा आकडा ९४.७ टक्के होता. याच सुमारास देशातला मातामृत्यूदर दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ वरून ९७ वर आला. त्याला बाकीही कारणं आहेत, पण दवाखान्यातली प्रसूती हे त्यातलं मोठं कारण आहे. ही कमाई आहे आणि ती सोडायची नाही.

पण या बदलात एक गोष्ट घरीच राहून गेली. सुईण गेली, तिच्या जागी डॉक्टर आणि सिस्टर आल्या, हे ठीक झालं. पण उशाशी बसलेली ती दुसरी बाई, जी काहीच 'करत' नव्हती, फक्त हात धरून 'झालं गं, होतंय गं' म्हणत होती, तिच्या जागी कोणीच आलं नाही. नातेवाइकांना दाराबाहेर बसवलं गेलं. आत एक सिस्टर आणि तीन-चार अडलेल्या बाया. सिस्टर वाईट नसते, तिला वेळ नसतो. केसपेपर भरायचा, बाळाचे ठोके बघायचे, सलाईन लावायचं, मधेच एखादीचं बाळ बाहेर येत असतं. त्या गडबडीत एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण भिंतीकडे तोंड करून एकटी कळा सोसत असते.

एका शब्दाची आणि एका प्रयोगाची गोष्ट

या सोबत करणाऱ्या बाईला जगभर 'डूला' म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ दासी. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात तो वापरला, तोही बाळंतपणानंतर आईला आधार देणाऱ्या बाईसाठी. पुढे तो प्रसूतीच्या वेळच्या सोबतिणीला चिकटला. ग्रीक भाषेत त्याला गुलामीचा वास आहे, म्हणून तो सगळ्यांना आवडतो असं नाही. आपण आज सरळ 'सोबतीण' म्हणू.

मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे दोन अमेरिकी बालरोगतज्ज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ग्वातेमालातल्या एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एक प्रयोग केला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाया एकट्याच प्रसूत होत. काही पहिलटकरणींना नेहमीचीच वागणूक मिळाली. बाकीच्यांच्या शेजारी प्रसूती होईपर्यंत एक बाई बसवली. ही बाई नर्स नव्हती, सुईणही नव्हती, तिला कसलं शिक्षणही नव्हतं. त्या दोघींची आधी ओळखही नव्हती. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. बस्स. जिथे गुंतागुंत झाली नाही अशा प्रसूतींमध्ये सोबत असलेल्या बायांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत निम्म्याहूनही कमी वेळ लागला.

हा प्रयोग लहान होता, त्यामुळे एवढ्यावर टाळ्या वाजवून चालत नाही. केनेल आणि सहकाऱ्यांनी मग ह्यूस्टनमधल्या एका सरकारी रुग्णालयात ४१२ निरोगी पहिलटकरणींवर मोठा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये आला. इथे त्यांनी एक हुशारी केली. काहींना सोबतीण दिली. काहींच्या खोलीत फक्त निरीक्षक बसवली, जी लांब बसून नोंदी करायची, बाईशी एक शब्दही बोलायची नाही. आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नव्हतं अशा बायांचा तिसरा गट नंतर निवडून तुलनेला घेतला. सिझरचं प्रमाण असं निघालं: काहीच नाही तिथे १८ टक्के, मुकी निरीक्षक होती तिथे १३, आणि सोबतीण होती तिथे ८.

तिसरा गट नंतर निवडलेला असल्यामुळे १८ आणि १३ मधला फरक जपूनच वाचायचा. तरी तो विचार करायला लावतो. खोलीत नुसतं कोणीतरी आहे, बघतंय, जात नाहीये, एवढ्यानेही कदाचित काही बदलत असावं. आणि ते कोणीतरी हात धरून बोलायला लागलं, की फरक आणखी वाढतो.

त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ते सगळे एकत्र तपासले. १७ देशांतल्या २६ अभ्यासांमधल्या १५ हजारांहून जास्त बायांची ती माहिती आहे. सतत सोबत मिळालेल्या बायांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी, नॉर्मल प्रसूती थोड्या जास्त, कळांचा काळ साधारण चाळीस मिनिटांनी कमी, आणि 'माझं बाळंतपण वाईट गेलं' असं म्हणणाऱ्या कमी. सोबतीमुळे काही अपाय झाल्याचं आढळलं नाही. बघा, ग्वातेमालातला 'निम्मा वेळ' इथे चाळीस मिनिटांवर आला. मोठ्या अभ्यासात आकडे असे जमिनीवर येतात, आणि ते बरंच आहे. शिवाय यातले बरेच अभ्यास फार पक्के नाहीत, हेही त्याच आढाव्यात म्हटलंय. पण त्यातला एक कल आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे: जिथे बायांना स्वतःचं माणूस आत न्यायची परवानगीच नव्हती, तिथे अशा सोबतीने सिझर सगळ्यात जास्त कमी झाली. म्हणजे जी सगळ्यात एकटी, तिला सोबतीचा सगळ्यात जास्त उपयोग.

सोबतीने नेमकं होतं काय?

गर्भाशय हा स्नायू आहे. तो आवळतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, आणि त्याने कळा मंदावतात असं मानलं जातं. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० च्या दशकातच हे चक्र मांडलं होतं: भीतीने अंग आवळतं, आवळल्याने दुखणं वाढतं, दुखण्याने भीती वाढते. सोबतीण या चक्रात भीतीच्या जागी हात घालते.

दुसरी गोष्ट हालचालीची. एकटी बाई घाबरून पडून राहते. कोणी धरायला असेल तर ती उठते, चालते, खाटेला टेकून उभी राहते. कळांच्या पहिल्या टप्प्यात आडवं न पडता उभं राहिल्याने, चालल्याने हा टप्पा सरासरी तासाभराहून जास्त आटोपता होतो, असं २०१३ च्या दुसऱ्या एका कॉक्रेन आढाव्यात आलंय.

तिसरी गोष्ट वेळेची. पहिलटकरणीला आणि तिच्या घरच्यांना वाटतं, कळा आल्या म्हणजे दोन तासांत बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर धरायचा, आणि पहिल्या खेपेला तो बारा तासांपर्यंतही चालू शकतो. त्याआधीच्या मंद कळांना तर ठरलेली वेळच नाही. हे जिला माहीत आहे आणि जी शांतपणे सांगू शकते, ती शेजारी असली की 'काहीतरी करा, कापा पण सोडवा' हा आकांत कमी होतो.

ती काय करते?

आता कामाकडे येऊ. आमच्या शिबिरात पहिल्या दिवशी विचारतात, 'पिशवीत काय काय न्यायचं?' फार काही नाही. पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ, कारण कळेच्या मधे मान उचलून पिता येत नाही. स्वच्छ नॅपकिन, घाम पुसायला. हातपंखा. थोडं खोबरेल तेल. डॉक्टरांची ना नसेल तर पेज, चहा-बिस्कीट. धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात प्यायला आणि हलकं खायला द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तरीही आधी सिस्टरना विचारायचं, कारण त्या बाईला धोका आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं.

कळ आली की बोलायचं नाही. त्या मिनिटभर सल्ला कोणाला ऐकू येत नाही. श्वास आपण स्वतः सावकाश घ्यायचा, म्हणजे ती आपोआप धरते. कंबर फार दुखत असेल तर माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबून धरायचं, आणि ती 'नको' म्हणाली की लगेच थांबायचं. कळ ओसरली की पाणी द्यायचं, कूस बदलायची, लघवीला घेऊन जायचं. भरलेल्या मूत्राशयाने बाळाच्या वाटेत अडथळा होतो, आणि हे विचारायला गर्दीच्या वॉर्डात कोणाला सुचत नाही.

सगळ्यात मोठं काम भाषेचं. ऊसतोडीला आलेल्या टोळीतली बाई घरात गोरमाटी बोलते, नंदुरबारकडची पावरी बोलते, बांधकामावरची तेलुगू किंवा ओडिया. सिस्टर मराठीत म्हणते, 'जोर लाव', 'जोर लावू नको'. या दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा, पण तो कळला नाही तर बाई चुकीच्या वेळी जोर लावून दमून जाते, वरून बोलणीही खाते. तिच्या भाषेतली वीस वाक्यं येणारी सोबतीण तिथे दहा पुस्तकं वाचलेल्या बाईपेक्षा उपयोगी.

आणि लक्ष ठेवायचं. अंगावरून जास्त रक्त जायला लागलं, पाणी हिरवट-काळपट गेलं, बाळाची हालचाल मंदावली असं ती म्हणाली, डोकं फार दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाली, तर आपण काही ठरवायचं नाही. लगेच सिस्टरना हाक मारायची. सोबतिणीने रोग ओळखायचा नसतो, पण ती सतत तिथे असल्यामुळे बदल आधी तिच्याच नजरेला पडतो.

ती काय करत नाही?

ही यादी आम्ही पाठ करून घेतो. ती आतून तपासत नाही. औषध देत नाही. पोटावर दाब देत नाही, कोणी 'जरा दाबा हो' म्हणालं तरी नाही. बाळ बाहेर ढकलायला पोट दाबणं जागतिक आरोग्य संघटनेने नको म्हणून सांगितलंय, ते घरच्यांनी करायचं नाही तसं आपणही नाही. ती सिझर कर किंवा करू नको असं सांगत नाही. बाईला डॉक्टरांना विचारायचं असेल तर विचारायला बळ देते, उत्तर तिने समजून घेईपर्यंत थांबते, निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा. फोटो काढत नाही. आत पाहिलेलं बाहेर सांगत नाही. मुलगी झाली की मुलगा, हेसुद्धा आधी बाळंतिणीकडून कळू दे.

आणि एक अवघड गोष्ट. लेबर रूममध्ये कधी बाईवर ओरडतात, टोमणे मारतात, क्वचित हातही उचलतात. प्रसूतीच्या वेळच्या अशा वागणुकीविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये निवेदन काढलं, म्हणजे हे जगभर होतं. अशा वेळी सोबतिणीने काय करायचं? तिथे भांडण काढलं तर त्याची किंमत खाटेवरची बाई मोजते. आम्ही सांगतो, तिच्या आणि आवाजाच्या मधे उभं राहा, तिचा हात धरा, हळू बोला. पुष्कळदा समोरचा आवाज आपोआप खाली येतो. मारहाण झाली तर मात्र गप्प राहायचं नाही, तिथल्या तिथे 'सिस्टर, नको' म्हणायचं. आणि प्रसूती पार पडल्यावर, बाळंतिणीला विचारून, लेखी तक्रार रुग्णालयाच्या प्रमुखांकडे द्यायची. तिने नको म्हटलं तर तिचं नाव पुढे करायचं नाही.

नियम आणि नियमातून सुटलेल्या

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण असू द्यायला मान्यता दिली. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवराही चालेल. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावं, कर्मचाऱ्यांच्या कामात पडू नये, आणि आतल्या दुसऱ्या बायांकडे जाऊ नये. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाने वागणूक आणि सोबत या गोष्टी आल्या. तेव्हा तुमच्या घरातली कोणी सरकारी रुग्णालयात बाळंत होणार असेल, तर हे विचारायला लाजू नका. मेहेरबानी मागत नाही आपण.

पण या नियमात 'नात्यातली' हा शब्द आहे. जिचं माहेर सहाशे किलोमीटरवर आहे, नवरा पहाटे फडावर गेलाय, सासू गावाकडे मोठं नातवंड सांभाळतेय, ती कोणाला आणणार? लग्नाआधी दिवस गेलेली, घरच्यांनी टाकलेली, तुरुंगातून आणलेली, ती कोणाला आणणार? लंडनच्या हॉलोवे तुरुंगातल्या बायांना कळांच्या काळातही साखळ्या घालून ठेवतात हे १९९६ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा मोठा गहजब झाला. त्यानंतर स्वयंसेविकांचा एक गट त्या बायांच्या प्रसूतीला सोबत जाऊ लागला. स्वयंसेवी सोबतीचं खरं क्षेत्र हे आहे. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत पैसे घेऊन काम करणाऱ्या डूला आहेत, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्यांना नाती आहेत त्यांच्यासाठी नियम आहे. मधे उरते ती.

तिच्यासाठी आत जायचं तर रुग्णालयाच्या प्रमुखांची लेखी परवानगी लागते, ओळखपत्र लागतं, आणि आधी वॉर्डातल्या सिस्टरांशी बसून बोलावं लागतं. सगळ्यात आधी त्या बाईचा होकार लागतो. 'मी थांबू का?' हे विचारायचं, आणि 'नको' आलं तर उठायचं. वॉर्डातल्या मावशींनाही विश्वासात घ्यावं लागतं. त्यांना डावलून गेलात तर महिनाभरात काम बंद पडतं.

स्वयंसेवी म्हणजे फुकटची आया नव्हे

शेवटचा मुद्दा, आणि यावर मतभेद होतात. स्वयंसेविका आल्या की व्यवस्थेला सवय लागते. 'ताई, जरा हिला पण बघा, जरा हे सॅम्पल पोचवा.' यात दोन नुकसानं आहेत. एक, रिकामी नर्सची जागा भरायची निकड कमी होते. दुसरं, सोबतीचा उपयोग ज्या गोष्टीमुळे होतो तीच निघून जाते. ग्वातेमालातल्या त्या बाईकडे कौशल्य नव्हतं, अधिकार नव्हता. तिच्याकडे एकच गोष्ट होती, तिला दुसरं काम नव्हतं. तिचं सगळं लक्ष एकीवर होतं. त्या खोलीत बाकी प्रत्येकाला दुसरं काहीतरी असतं. तिला तीन बायांमध्ये वाटलंत, की तीही घाईतली आणखी एक कर्मचारी होते. म्हणून एका वेळी एकच बाई, हा नियम कितीही जिवावर आला तरी मोडायचा नाही. पलीकडच्या खाटेवरची हाक ऐकू येते, सिस्टरना सांगायचं, पण हात सोडायचा नाही.

याच कारणाने कबूल केलेली पाळी चुकवायची नाही. कळा रात्री तीनला येतात, दिवाळीतही येतात. बारा तास झाले तर दुसरीला बोलवा, ती येईपर्यंत उठू नका. 'येते' म्हणून न येणारी सोबतीण ही मुळात नसलेल्या सोबतिणीपेक्षा वाईट, कारण त्या बाईने दाराकडे बघत रात्र काढलेली असते. म्हणून गट करताना दहा उत्साही मुलींपेक्षा चार भरवशाच्या बाया बघा. डॉक्टर किंवा नर्स असण्याची गरज नाही. वीस वाक्यं, पाठ केलेली 'काय करायचं नाही' ही यादी, आणि बसून राहायची तयारी, एवढं पुरतं. आशाताईंना विचारलंत तर तुमच्या भागात येत्या महिन्यात कोण एकटी आहे, हे त्या सांगतील. तिला कळा सुरू होण्याआधी एकदा भेटून या.